दोन लुगडी, सहा हात

अन्याय झाला तो खंडोजीराव अण्णांवर. कधी, तर गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. कुठे, तर बेंगळुरूतल्या एका सरकारी कचेरीच्या तीन नंबरच्या खिडकीवर. मी तिथे होते आणि मी घड्याळ बघितलं होतं. पत्रकं लिहिणाऱ्याला पहिली शिकवण हीच मिळते : कोणावर, कधी, कुठे हे आधी सांग, गळा काढायचा असेल तर तो नंतर.

अण्णांची सोळा वर्षांची नोंदवही त्या खिडकीतून परत आली. कारण ती लुगड्यात होती.

लुगड्यात गुंडाळलेली नव्हे. लुगड्यात मोजलेली.

खिडकीतला तरुण कन्नडमध्ये बोलत होता, अण्णाही. मी मराठीत सांगते.

“सर, हे काय लिहिलंय? ‘बुरुजापासून कड्यापर्यंत दोन लुगडी, सहा हात’?”

“पहिल्या वर्षीचं माप.”

“लुगडं म्हणजे किती?”

“नऊ वार.”

“कुणाचं लुगडं?”

“बायकोचं. दुसऱ्याच्या बायकोचं कशाला घेऊ मोजायला?”

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तरुण मात्र हसला नाही. त्याने कॉम्प्युटरचा पडदा अण्णांकडे वळवला. “हे बघा सर. इथे मीटर आहे, फूट आहे. लुगडं नाही.”

“मग घाला.”

“तसं घालता येत नाही, सर. आणि आमच्या नोंदीप्रमाणे कडा स्थिर आहे.”

“तुमची नोंद कधीची?” हे मी विचारलं. जोरात विचारलं.

त्याने फाइल चाळली, पुन्हा चाळली. “फाइलवर तारीख नाहीये,” तो म्हणाला, आणि वही परत सरकवली.

मी भांडायला तोंड उघडणार, तोवर अण्णा मागे वळले होते. रांगेत पुढच्या नंबरवर एक जाड चष्मेवाले गृहस्थ होते. अण्णा त्यांना शांतपणे म्हणाले, “इथलं पेन दोरीने बांधलंय, पण आत शाई न्हाई. पंखा फक्त डाव्या बाजूला लागतो. माणूस वाईट न्हाई, स्वल्प मोठ्याने बोला. चार्ज तुमच्याकडे.”

अण्णा कुठलीही जागा चार्ज दिल्याशिवाय सोडत नाहीत. बसमधून उतरताना मागे उभ्या असलेल्याला सांगतात, “खिडकी अडकते, खालून ढकल. सीटचा खिळा वर आलाय, सरकून बस. चार्ज तुझ्याकडे.” अण्णा राहतात येलहंक्याला. तिथल्या ज्या हॉटेलात ते सकाळी इडली खातात तिथे एका टेबलाचा पाय आखूड आहे. उठताना ते पुढच्या गिऱ्हाइकाला वाकायला लावून तो पाय दाखवतात, त्याखालची कागदाची घडी दाखवतात, आणि मगच हात धुवायला जातात. न्हाव्याच्या खुर्चीचा चार्ज, दवाखान्यातल्या बाकाचा चार्ज. एकदा लग्नाच्या पंगतीतून उठताना त्यांनी त्या जागेवर बसायला आलेल्या बाईंना “इथे ताकवाला येतच न्हाई, हाक मारावी लागते” असा रीतसर चार्ज दिलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. बाईंनी तो घेतलासुद्धा.

चाळीस वर्षं अण्णा एका कारखान्यात होते, शेवटची वीस शिफ्टचे इनचार्ज म्हणून. त्यांचं तत्त्वज्ञान तिथलं. “रात्रपाळीवाला चार्ज न देता गेला, तर मशीन कुणाचं? कुणाचंच न्हाई. आणि जे कुणाचंच न्हाई ते पहिल्यांदा बिघडतं.”

हे वाक्य मी माझ्या तीन पत्रकांत न विचारता वापरलं आहे. या देशातला प्रत्येक तलाव, प्रत्येक विहीर आणि प्रत्येक किल्ला याच कारणाने मरतो आहे.

आमची ओळखही पत्रकामुळेच. मी राहते सर्जापूर रोडला, बेळ्ळंदूरच्या तलावासाठी आम्ही पाचसहा जण पत्रकं वाटतो. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी येलहंक्याच्या बाजारात वाटत होते. एका उंच, काटकुळ्या म्हाताऱ्याने पत्रक घेतलं, भिंतीला टेकून शेवटपर्यंत वाचलं (हे कधीच कुणी करत नाही), खिशातून लाल पेन काढलं, आणि दहा मिनिटांनी पत्रक मला परत आणून दिलं.

“काय गे पोरी, एवढ्या काठ्या कशाला रोवल्यास? शेत राखायचंय काय?”

काठ्या म्हणजे उद्गारचिन्हं. त्यांनी सगळी खोडली होती. “निषेध! निषेध! निषेध!” यातला एक निषेध ठेवला होता.

“ॲक्च्युअली, लोकांचं लक्ष जावं म्हणून—”

“हा ॲक्च्युअली तुझा कोण? दर वाक्याला येऊन उभा राहतो.” मग माझ्या मराठीकडे पाहून त्यांना दया आली असावी. “पुण्याची काय? सरी, सरी.” (कन्नडमधलं ‘बरं, बरं’.) “आमची मराठी आजोबांच्या आजोबांपासून इथलीच. घरातल्या घरात राहून ती स्वल्प जुनी झालीय. पण खोट्या काठ्या तिच्यात न्हाईत.”

आणि मग म्हणाले, “तुमचा तलाव फेस काढतो, रस्त्यावर उडतो, लोक फोटो काढतात. आमचा कडा समुद्रात पडतो, आवाजसुद्धा कुणी ऐकत न्हाई. आमचं पण एक पत्रक लिही.”

आमचा कडा म्हणजे सातेरगडाचा.

सातेरगड कारवारच्या खाली, समुद्रात घुसलेल्या एका तांबड्या टेकडीवर आहे. तिन्ही बाजूंनी पाणी. कुणी बांधला याबद्दल पायथ्याच्या दोन पाट्यांची दोन मतं आहेत. दोन्ही पाट्या गंजल्या आहेत, त्यामुळे भांडण मिटत आलं आहे. टेकडी जांभ्याची. जांभा दिसतो दगड, पण आतून पोळ्यासारखा. वरून पाणी मुरतं, खालून लाटा खातात, आणि पावसाळा संपता संपता कड्याचा एक भलामोठा तुकडा सुटून खाली जातो. समुद्राकडचा बुरूज आता कड्याच्या टोकाशी आला आहे. वर साचणाऱ्या पाण्याला वाट काढून द्या, कड्याच्या पायाशी दगडांचा बांध घाला, तर बुरूज वाचेल. हे मी म्हणत नाही, गवंडीकाम करणारा कुणीही म्हणेल. पण ‘कडा स्थिर आहे’ असं जोवर फाइलीत लिहिलेलं आहे तोवर एक घमेलं हलणार नाही.

आणि खंडोजीराव अण्णांचा त्या बुरुजाशी संबंध काय? तर त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष त्या बुरुजावर पहारेकरी होता. एके दिवशी फौजेबरोबर बेंगळूरला आला आणि इथलाच झाला. याला कागद नाही. आजोबांनी नातवाला सांगितलं, तेवढाच आधार.

“येताना बुरुजाचा चार्ज कुणाला दिला?” अण्णा विचारतात, आणि उत्तरही स्वतःच देतात. “कुणाला न्हाई.”

“साडेतीनशे वर्षं झाली की अण्णा!”

“म्हणून काय झालं? रजिस्टर बंद केलं काय कुणी?”

म्हणजे अण्णांच्या हिशेबी त्या बुरुजावर अजून त्यांच्या घराण्याची पाळी चालू आहे.

निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा गडावर गेले ते बायकोला घेऊन. तिचं नाव गौरी. सगळे गौरक्का म्हणायचे. मी तिला पाहिलेलं नाही. चार वर्षांपूर्वी, अवरेकाईच्या म्हणजे पावट्याच्या हंगामात, शेंगा सोलता सोलता ती गेली. दाणे वाटीत, सालं मांडीवर. मला ती माहीत आहे ती अण्णांच्या तोंडून, आणि तीही भांडणातूनच.

त्या पहिल्या खेपेला अण्णांनी कारखान्यातली लोखंडी टेप नेली होती. बुरुजापासून कड्यापर्यंत मोजायला म्हणून ती ओढली, ती हातातून निसटली, आणि टेप समुद्रात. अण्णा कड्यावर उभं राहून टेपेला शिव्या देत होते, तेव्हा गौरक्काने पिशवीतून बदलायला आणलेलं लुगडं काढलं. हिरवं इरकली, तांबडा पदर, घडीसुद्धा न मोडलेलं.

“नऊ वार आहे. मोजा याने, आणि गप्प बसा.”

एक टोक तिने बुरुजाच्या पायाशी धरलं, दुसरं अण्णांनी कड्याकडे नेलं. दोन लुगडी, सहा हात. वहीचं पहिलं पान तयार झालं.

पुढच्या वर्षी टेप का नाही नेली? हा प्रश्न मी विचारला होता. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी चालू मशीनमध्ये हात घातला. “मोजायचं गेज बदललं की आख्खा लॉट बाद. पहिलं माप ज्याने घेतलं, शेवटचंही त्यानेच.” म्हणून दर वर्षी, तुळशीचं लग्न झालं की पहिल्या शनिवारी, दोघं तेच लुगडं घेऊन गडावर जायची. दर वर्षी घरी येऊन गौरक्का ते धुवायची, आणि दर वर्षी भांडण.

भांडण करवंदीच्या जाळीवरून. कड्यापासून थोडी आत एक जाळी होती, तिच्या सावलीत गौरक्का डबा सोडायची. दुसऱ्याच वर्षापासून ती म्हणू लागली की कडा वहीपेक्षा जवळ आलाय. अण्णा म्हणायचे, डोळ्याने बघू नको, वहीत बघ. मग एका वर्षी जाळी दिसेना.

“माझी करवंद पाण्यात गेली,” गौरक्का म्हणाली, “आणि तुमच्या वहीत ती अजून तीन हात आत आहे. आता वहीतच बसून जेवा.”

हे वाक्य अण्णा अजून तिच्या आवाजात म्हणून दाखवतात, आणि वर स्वतःचा निकाल देतात, “जाळी कुणीतरी तोडली असणार. माप चुकणं शक्य न्हाई.”

खिडकीवरच्या अन्यायानंतर मी अण्णांना एकच गोष्ट सांगितली. “आपण भाषांतर करू. मी मीटरची टेप आणते. एक लुगडं म्हणजे किती मीटर, ते एकदा मोजू, आणि सोळाच्या सोळा नोंदी मीटरमध्ये उतरवून त्याच खिडकीवर आदळू.”

“आदळू नक्को. ठेवू,” अण्णा म्हणाले. पण डोळे चमकले होते.

तुळशीचं लग्न झालं आणि शुक्रवारच्या बसने निघालो. लुगडं कापडी पिशवीत अण्णांच्या मांडीवर. हिरवं म्हणायला हिरवं; तांबड्या मातीने आणि मिठाने त्याची पार रया गेली होती. वासही येत होता.

“अण्णा, हे एकदा धुवायला टाका ना. आमच्या खाली लाँड्री आहे, मी देते.”

“नक्को.”

“अहो पण किती—”

“धुवायचा चार्ज तिच्याकडे होता. तिने दिला न्हाई.”

मी हसले. मला तो विनोद वाटला. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

गडावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायऱ्या मोडक्या, अण्णांचे गुडघे त्याहून. मी हात पुढे केला की म्हणायचे, “तुझा हात तुझ्याकडे ठेव, वर लागेल.” बुरुजावर पोचल्यावर त्यांनी टोपी सरळ केली, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “हजर!”

तिथे ऐकायला एक शेळी होती. ती निघून गेली.

“आता ऐक,” ते म्हणाले. “तू बुरुजाकडे. कड्याकडे मी.”

“अण्णा, तुमचं वय काय, मी जाते कड्याकडे.”

“गौरी बुरुजाकडे असायची. तू तिच्या जागी आहेस. बस.”

मग मला कळलं की गेली चार वर्षं बुरुजाकडचं टोक ते दगडाखाली ठेवत होते. दगड अजून तिथेच होता, चपटा, नीट निवडलेला. अण्णांनी तो पायाने बाजूला सारला आणि टोक माझ्या हातात दिलं. मग लुगडं सोडत सोडत ते कड्याकडे गेले. शेवटचे काही हात ते पोटावर सरपटत गेले, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, टोपी तशीच डोक्यावर. तरी त्यांचा आवाज येत होता, “ढिलं सोडू नक्को! ताणून धर! पुण्याची माणसं अशीच काय गे?”

मग आवाज थांबला.

लुगडं माझ्या हातात ताणलेलं होतं, पण पलीकडे ते उरलं होतं. पदर कड्याच्या बाहेर गेला आणि वाऱ्याने समुद्रावर फडफडायला लागला. सोळा वर्षांत पहिल्यांदा जमीन लुगड्याहून कमी पडली.

अण्णा सरपटत मागे आले. कपडे झटकले नाहीत. “लिही,” म्हणाले. “एक लुगडं, वजा पदर.”

मी लिहिलं. मग आम्ही गडाच्या आत, सपाट जागेवर, लुगडं अंथरलं आणि शेजारी माझी नवी टेप. नऊ वार म्हणजे आठ मीटर तेवीस, हे मी बसमध्येच काढून ठेवलं होतं.

टेप म्हणाली, सात पंचावन्न.

“तुझी टेप बोगस,” अण्णा म्हणाले.

पुन्हा मोजलं. सात पंचावन्न. मग अण्णा गुडघ्यांवर बसले आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, स्वतःच्या हाताने, मोठ्याने मोजत लुगड्यावरून पुढे सरकले. अठरा हात भरायला हवे होते. सोळावर थोडं कापड उरलं. साडेसोळा.

त्यांनी पदराचं टोक बोटांत धरून बघितलं. मग म्हणाले, “धुवायची ती. दर वर्षी. मीठ जायला पाहिजे म्हणून उन्हं पाणी काढायची, चांगलं उकळतं.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी उठून उभीच राहिले. “अण्णा! गेज आटलं! कोरं होतं तेव्हाचं पहिलं माप बरोबर, आणि नंतरची सगळी चूक. आखूड लुगड्याने मोजलं की लुगडी जास्त भरतात. म्हणजे वहीत जमीन जास्त दिसतेय, खरी कमी होती! आपण म्हणत होतो त्याहून कडा लवकर गेलाय! अण्णा, आपली बाजू आणखी भक्कम झाली!” माझ्या डोळ्यांपुढे मथळा उभा राहिला होता, तीन काठ्यांसकट.

अण्णांचं लक्षच नव्हतं. त्यांनी वही उघडली होती आणि पानं मागे मागे उलटत होते.

“तीन हात,” ते म्हणाले. “दोन लुगड्यांना दीड दीड. बरोबर तीन हात.”

“काय तीन हात?”

“करवंद.”

मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. कारखान्यात चुकीची नोंद खोडत नाहीत, तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी शेरा लिहितात आणि सही करतात. पहिलं पान त्यांनी सोडलं. दुसऱ्या पानावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : ‘नोंद चूक. गौरी म्हणाली ते बरोबर.’ खाली सही, तारीख. मग तिसऱ्या पानावर. मग चौथ्या. वारा पानं उडवत होता, म्हणून मी दोन्ही हातांनी वही धरून बसले. गौरक्का बरोबर होती त्या सगळ्या वर्षांना, एकेक करून, अकरा वेळा. एकदाही त्यांनी ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं नाही.

शेवटची सही करून पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “सरी. घडी घालू. बस चुकेल.”

नऊ वारी लुगड्याची घडी एकट्याला घालता येत नाही. करून बघा. चार वर्षं हा माणूस ते जमिनीवर अंथरून, गुडघ्यांवर रांगत घडी घालत होता. मी दुसरं टोक उचललं. “तसं नक्को गे,” अण्णा म्हणाले, “पदर आत. अंगठ्याने धर, चिमटीने न्हाई. हां. असं.” आम्ही एकमेकांकडे चालत आलो, टोकं जुळवली, पुन्हा लांब गेलो, पुन्हा आलो.

परतीच्या बसमध्ये ते एकदाच बोलले. “बरं झालं चार वर्षं धुतलं न्हाई. आणखी आटलं असतं.”

या वेळी मी हसले नाही.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तीच कचेरी, तीच खिडकी, तोच तरुण. मी तक्ता ठेवला. आदळला नाही, ठेवला. सगळं मीटरमध्ये. कोरं लुगडं किती, आटलेलं किती, दोन्हींचा खुलासा. अण्णांनी वर वही ठेवली.

तरुणाने तक्ता बघितला, मग वही. पानं उलटता उलटता त्याचा वेग कमी झाला. शेरे मराठीत होते, म्हणून त्याने एका नावावर बोट ठेवून विचारलं, “सर, सगळीकडे हे एकच नाव आहे. गौरी कोण?”

“दुसरं टोक,” अण्णा म्हणाले.

त्याने वर बघितलं. मग ड्रॉवर उघडला आणि तक्त्यावर आवक शिक्का मारला. अकरा वाजून पंचवीस मिनिटं. मी पाहिलं.

“सर, ‘स्थिर’ असं आता मी लिहू शकत नाही,” तो म्हणाला. “पण एवढ्यावर वरचे लोक हलणार नाहीत. मोजणी पंचांसमक्ष लागेल. दहा माणसं, सह्यांसकट. पुढच्या पावसाळ्यानंतरचं माप तसं आणा, मी स्वतः फाइल वर नेतो. फक्त अर्जदार पंच चालत नाहीत, आणि घरचे चालत नाहीत.”

“घरचं कुणी न्हाई,” अण्णा म्हणाले.

“मग सोपं आहे,” तो बोलून गेला, आणि लगेच खाली बघून शिक्का पुसायला लागला.

अण्णा मागे वळले. रांगेत एक बाई होत्या. “आज पेनात शाई हाय,” अण्णांनी त्यांना सांगितलं. “माणूस चांगला हाय. चार्ज तुमच्याकडे.”

हा मजकूर अण्णांनी तपासला आहे. अकरा काठ्या काढल्या. ‘अण्णा एकटे आहेत’ असं एक वाक्य होतं, त्यावर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं : ‘मुद्द्याला धरून नाही’, आणि सही केली.

तर मुद्दा हा. अर्ज माझ्या आणि अण्णांच्या सहीचा आहे, म्हणून आम्ही दोघं पंच होऊ शकत नाही. येलहंक्यातल्या अण्णांच्या भाऊबंदांना ‘घरचे’ म्हणून बाद करतील. माझ्या ओळखीचे लोक समाजमाध्यमावर अंगठा दाखवतात आणि शनिवारी झोपतात. एक पावसाळा मध्ये आहे, आणि बुरुजापुढे आता एक लुगडंसुद्धा जमीन उरलेली नाही. पुढच्या वर्षी मोजायला काही उरणार की नाही हे मला सांगता येत नाही. पण मोजायला आम्ही जाणार आहोत.

तुमच्या शनिवारी काय आहे, ते मला सांगू नका. यंदा तुळशीचं लग्न झालं की पहिल्या शनिवारी, सकाळी, सातेरगडाच्या समुद्राकडच्या बुरुजावर या. दहा माणसं हवीत. टेप मी आणते. लुगडं अण्णा आणतात. ते अजून धुतलेलं नाही आणि कुणी धुवायला मागूही नये. कड्याकडचं टोक मागू नका, ते तुम्हाला मिळणार नाही. बुरुजाकडचं टोक ताणून धरा, अंगठ्याने, चिमटीने नाही. मोजून झालं की कागदावर सही करा, घडी घालायला हात लावा.

आणि चार्ज घेतल्याशिवाय खाली उतरू नका.